नात्याचा रकाना

पूनम सागर, मीरा रोड
१२ जानेवारी २०२५

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जय भीम.

व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. त्या अंगठ्याचा अर्थ वाचलं, बघतो, की आत्या आता पुरे, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून हा मेल.

काम असं आहे. कॉलेजात असताना आपल्या भाईंदरच्या वाचनालयासाठी तू कॅटलॉगचं जे सॉफ्टवेअर बनवून दिलंस, ते अजून चालतंय. आता जिल्ह्यातल्या वाचनालयांचा सामायिक कॅटलॉग होतोय. कुठूनही शोधलं तरी पुस्तक कुठल्या गावात आहे ते दिसणार. त्यात शिरायचं तर आपल्या सगळ्या नोंदी कॅटलॉगच्या नव्या नियमांप्रमाणे हव्यात, आणि त्याही मार्च संपायच्या आत. इथल्या एका माणसाला बोलावलं होतं. त्याने स्क्रीनकडे बघून विचारलं, "मॅडम, ये किसने बनाया?" मी म्हटलं, भाच्याने. तो म्हणाला, "तो भांजे को ही बुलाओ."

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कुठल्याच नियमात बसत नाही. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या नावाने पुस्तक द्यायची पद्धत. तुझ्या आजोबांच्या वेळी मी ती वाचनालयात आणली, आणि ती बघून उत्तन-तारोडीकडच्या कोळी घरांनीही उचलली. दरवर्षी त्या दिवशी घरची माणसं येतात. मी नाव टाकते, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवते. मग कपाटातून ते पुस्तक काढून कोणीतरी एक पान वाचतं, आणि पुस्तक परत जागेवर जातं. चहा आमच्याकडून.

तू या नावांसाठी रकाना ठेवला नव्हतास. शोधल्यावर सापडावीत म्हणून मी ती 'दुसरा लेखक' या रकान्यात घालत आले. त्यामुळे आमच्या निम्म्या सहलेखकांनी आयुष्यात पोस्टकार्डसुद्धा लिहिलेलं नाही. ओळखायला सोपं आहे. हिंदू घरांतल्या नावांपुढे 'कै.' आहे आणि आपल्या लोकांच्या नावांपुढे 'कालकथित'. त्यावरून पकड.

बाकी काही चुकलं तर मी सांभाळून घेईन. त्यातलं एकही नाव गळलं तर मात्र मला त्या माणसांना तोंड दाखवता येणार नाही. हे लक्षात ठेवून काम कर, आणि जेवत जा.

तुझी,
सरोजाआत्या

---

हैदराबाद
१९ जानेवारी

आत्या, जय भीम.

करतो. पैशांचं बोललीस तर फोन उचलणार नाही.

तुझा सगळा डेटा उघडून बसलोय. आपण काय लिहिलं होतं ते बघून मलाच माझे कान पकडावेसे वाटले. पण चालतंय खरं.

नव्या नियमांत मुख्य फरक असा. आतापर्यंत एका पुस्तकाची एक नोंद होती, त्यात सगळं कोंबलेलं. आता मूळ लेखन वेगळं, त्याची आवृत्ती वेगळी आणि तुझ्या कपाटात उभी असलेली प्रत वेगळी. माणसाचीही स्वतंत्र नोंद असते. मग त्या माणसाचं यांपैकी कशाशी काय नातं आहे, ते लिहायचं. लेखक, अनुवादक, चित्रकार, जे असेल ते. हा नात्याचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

तुझ्या स्मरणार्थवाल्यांना यात छान जागा आहे. त्यांचं नातं लेखनाशी नाहीच, ते तुझ्याकडच्या त्या एका प्रतीशी आहे. म्हणून 'कै.' किंवा 'कालकथित' असलेलं प्रत्येक नाव उचलून प्रतीला जोडतोय, नातं 'स्मरणार्थ'. ज्यांच्यापुढे यातलं काही नाही ते खरे सहलेखक, ते जागच्या जागी राहतील.

काल चाचणी घेताना 'कालकथित आशा सहादेव वाघमारे' असं वर आलं. आईचं नाव तिथे असणार हे माहीत होतं. तरी काल पुढे काम झालं नाही. बाबांना सांगू नकोस, ते लगेच फोन करून औषध घेतोस का विचारतील.

महिनाअखेर पाठवतो.

धम्मपाल

---

पूनम सागर
२३ फेब्रुवारी

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जय भीम.

तुझं सॉफ्टवेअर लावून तीन आठवडे झाले, कुरकुर न करता चालतंय. स्मरणार्थची नावं मी एकेक करून तपासली, सगळी आहेत. आपल्या आशाचं पुस्तकही नीट दिसतंय. ज्या घरांचे दिवस या महिन्यात होते ती येऊन गेली आणि खूश होऊन गेली. सामायिक कॅटलॉगला नोंदीही पाठवल्या. समितीच्या सभेत तुझ्या नावाने टाळ्या वाजल्या. मी टाळ्या घेतल्या, तुला पोचवतेय.

एक नाव जरा इकडचं तिकडे झालंय, पण ते किरकोळ आहे. माझं मी बघून घेते. तू त्यात डोकं घालू नकोस.

सुके बोंबील भरपूर आले आहेत. सहादेव हैदराबादला येईल तेव्हा त्याच्याबरोबर देईन. डबा घट्ट लावते, तरी त्याला सांग, गाडीच्या डब्यातल्या लोकांनी नाकं मुरडली तर भांडायचं नाही.

तुझी,
आत्या

---

हैदराबाद
२ मार्च

आत्या, जय भीम.

किरकोळ म्हणालीस ते नाव 'धनेश गोपीनाथ' का?

सामायिक कॅटलॉगच्या ऑफिसातून मला मेल आलाय. बोटीच्या डिझेल इंजिनावरचं एक पुस्तक आहे, लेखक दशरथ म्हात्रे, आयटीआयमध्ये शिकवायचे, आता विरारला असतात. त्यांच्या नातवाने आजोबांचं नाव ऑनलाइन शोधलं तर शेजारी दुसरा लेखक, धनेश गोपीनाथ. म्हात्रे सरांनी लिहून विचारलंय, हे कोण. सामायिक कॅटलॉगमध्ये एकाची नोंद सगळ्यांना लागू होते, त्यामुळे आता पाच वाचनालयांत हा धनेश सहलेखक झालाय.

मी तपासलं. नावापुढे 'कै.' नव्हतं, म्हणून प्रोग्रामने त्याला खरा लेखक धरलं. टायपिंगमध्ये राहिलं असणार. तू फक्त हो म्हण, मी 'कै.' लावून बाकीच्यांसारखं त्यालाही स्मरणार्थमध्ये टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याने लिहिलेलं नाही त्याला लेखक ठेवता येणार नाही, आणि ते सर चिडलेले दिसतात.

तीनदा फोन केला, उचलला नाहीस. सॉफ्टवेअरचा कंटाळा आला असेल तर तसं सांग.

धम्मपाल

---

पूनम सागर
६ मार्च

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जय भीम.

हो म्हणत नाही. 'कै.' लावू नकोस. टायपिंगमध्ये राहिलेलं नाही ते, मी मुद्दाम लावलं नव्हतं. आणि तुला पहिल्याच मेलमध्ये सांगायचं विसरले. फोन उचलला नाही कारण तोंडी सांगताना मी रडले असते. आता नीट ऐक.

धनेश तारोडीच्या इंदुबाईंचा मुलगा. गावातल्या बोटींची इंजिनं तोच बघायचा. सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बोटीवरून पाण्यात पडला. बोट परत आली, तो आला नाही. पुष्कळ शोधलं. काहीच मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही.

वर्षाने त्याचे वडील गोपीनाथ हे इंजिनाचं पुस्तक घेऊन आले. धनेशचंच होतं, ऑइलचे डाग पडलेलं, आत जागोजागी त्याने पेनाने लिहिलेलं. लिहिलेली पुस्तकं आपण घेत नाही, पण घरात बघवत नाही म्हणाले तर काय करणार? घेतलं. मी नाव टाकायला लागले तर मागे उभ्या इंदुबाईंनी माझा हात धरला. "त्याच्या नावाम्होरं ता कै. लावायचा न्हाय. मी काय त्याला पोचवला न्हाय." मी लावलं नाही. पुढे गोपीनाथ गेले, त्यांच्या नावापुढे 'कै.' लावायला इंदुबाईंनीच सांगितलं. धनेशचा फोटोही त्यांनी भिंतीवर लावू दिलेला नाही. कुठे समाधी नाही, कुठे हार नाही. वर्षातून एकदा बसने भाईंदरला यायचं आणि स्क्रीनवर नाव बघायचं, एवढंच त्यांच्याकडे आहे.

यंदा १८ फेब्रुवारीला आल्या. बरोबर मनाली, धनेशची मुलगी, कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. मी नाव टाकलं, स्क्रीन फिरवली. जुन्या स्क्रीनवर नुसतं नाव यायचं. तुझी नवी स्क्रीन नातंही दाखवते. मनालीने वाचलं, "आजी, पप्पांचं नाव आलं. लेखक लिहिलंय."

इंदुबाईंनी तिला ते परत वाचायला लावलं. मग पदराने खुर्ची पुसली आणि बसल्या. तोवर सहा वर्षांत त्या इथे कधी बसल्या नव्हत्या. मला सांगायला हवं होतं की बाई, ही चूक आहे. माझ्याच्याने झालं नाही. दोन दिवसांनी बोंबलांची पिशवी आली. तारोडीत सगळ्यांना सांगून झालंय की धनेशचं नाव पुस्तकावर आहे.

जाताना मनाली हळूच म्हणाली, सात वर्षं झाली म्हणून आता मृत्यूचा दाखला मिळेल, तिला स्कॉलरशिपसाठी लागतोय. मी विचारलं, आजी तयार आहे? तर इंदुबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "तो दाखला काड गो. सरकाराला काय पायजे ता लिवू दे. हिथं न्हाय."

तेव्हा सरकारी कागदावर मेलेला इंदुबाईंना चालतो, फक्त आपल्या वाचनालयात नको. आता सांग, तुझ्या पाच मिनिटांत हे बसतं का? म्हात्रे सरांना मी काय सांगू?

तुझी,
आत्या

---

हैदराबाद
१० मार्च

आत्या, जय भीम.

तुझा मेल ऑफिसात वाचला आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. आता ठीक आहे.

तरी एक स्पष्ट सांगतो, रागावू नकोस. लेखक म्हणून त्याला ठेवता येणार नाही. इंदुबाईंसाठी म्हणून खोटी नोंद ठेवली, तर उद्या कोणी तज्ज्ञ येऊन ती पुसेल, आणि तेव्हा विचारायलाही कोणी नसेल. ते जास्त वाईट. म्हात्रे सरांचंही ते पुस्तक आहे, त्यांनी आयुष्यभर शिकवून लिहिलेलं.

काल नात्यांची अख्खी यादी परत वाचली. 'स्मरणार्थ' नको. 'दाता' बसत नाही, पुस्तक वडिलांनी दिलं. पण एक आहे. एखाद्या प्रतीवर कोणी हाताने टिपा लिहिल्या असतील, तर तो माणूस त्या प्रतीला जोडता येतो. नातं 'टिपा'. तो जिवंत आहे की नाही, हे ते नातं विचारत नाही. आत त्याने पेनाने लिहिलंय असं तूच म्हणालीस. म्हणजे हे खरं आहे, आपल्याला काही बनवावं लागत नाही.

त्यासाठी मला तीन गोष्टी हव्यात. एक, ती प्रत हातात घेऊन बघ. टिपा इंजिनाबद्दल आहेत की नुसता हिशोब आणि फोन नंबर? नुसते फोन नंबर असतील तर माझा नाइलाज आहे. दोन, लिहिलेल्या काही पानांचे आकडे. तीन, धनेशचं जन्मवर्ष. एका नावाची दोन माणसं वेगळी ओळखायला ते लागतं.

पण प्रत कपाटात दिसत नाहीये. सिस्टिममध्ये 'बाहेर' आहे, कधीपासून ते विचारू नकोस. हे काय प्रकरण आहे?

धम्मपाल

---

पूनम सागर
२४ मार्च

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जय भीम.

प्रत बाहेर आहे हे खरं. विकीने नेली होती, धनेशचा मित्र. पहिल्या वर्षी मी दोनदा आठवण दिली, मग सोडून दिलं. इंदुबाई स्क्रीन बघायच्या, पुस्तक मागायच्या नाहीत, त्यामुळे कोणाचं अडलं नव्हतं. तू विचारल्यावर मात्र शोधायलाच हवं होतं. पुस्तक बुडालं असतं तर तुझं 'टिपा'ही बुडालं असतं.

सोळा तारखेला, रविवारी, तारोडीला गेले. विकी बोटीवर होता, इंजिन उघडून बसला होता. मला वाटलं, पुस्तक मागितलं की हा डोकं खाजवणार. त्याने बोटीच्या कप्प्यात हात घातला आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं बाहेर काढलं. पुस्तक कुठल्या एका बोटीचं राहिलेलंच नाही. ज्याचं इंजिन रुसेल त्याच्याकडे ते जातं. विकी म्हणाला, "इंजन बंद परला का आमी बोलतो, जा, धनेशला इचार. मंग पुस्तक आनतो."

मी तिथेच जाळ्यांच्या ढिगावर बसून पानं उलटली. फोन नंबर आहेत, एका पानावर बायकोने आणायला सांगितलेलं सामानही आहे. पण बाकी सगळं इंजिनाचं. पुस्तकात एखादा भाग जमिनीवरच्या इंजिनासारखा सांगितला असेल, तर बाजूला खाऱ्या पाण्यात काय होतं ते लिहिलंय. एका ठिकाणी लिहिलंय, "घाई करू नको, आधी फिल्टर बघ." हे कोणाला लिहिलं असेल? स्वतःलाच असेल, नाहीतर मागून येणाऱ्याला. मला ते वाचून भडभडून आलं. विकी म्हणाला, "मावशी, डिझेलचा वास चढतो, तिकरं बसा." मी तसंच समजू दिलं. पानांचे आकडे आणि विकीने सांगितलेलं धनेशचं जन्मवर्ष त्या दिवशीच तुला पाठवलं.

मग म्हात्रे सरांना फोन केला. तू त्यांना चिडलेले म्हणाला होतास. ते अजिबात चिडलेले नव्हते. म्हणाले, "बाई, मी नाव काढा असं कुठे लिहिलं? हे कोण एवढंच विचारलं होतं. माझं पुस्तक इतकं वाचणारा कोण, बघावं म्हटलं." मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, लेखक मीच राहतो, पण त्या प्रतीचे फोटो मला पाठवा. पाठवलेत. तेव्हा मेल वाचताना तू जरा सावकाश वाचत जा.

आता मुख्य. तू नोंद बदललीस त्या दिवशी मी मनालीला फोन केला, आजीला घेऊन ये म्हटलं. हे मला तोंडावर सांगायचं होतं. आज दोघी आल्या. मी आधीच सांगितलं, इंदुबाई, मागच्या वेळी लेखक दिसलं ती आमची चूक होती. पुस्तक म्हात्रे मास्तरांनी लिहिलं. धनेशने त्यात टिपा लिहिल्या, आणि आता तसंच लिहिलंय. त्यांचा चेहरा बघवला नाही. गावभर सांगून झालेलं होतं ना. म्हणाल्या, "मंग माझ्या पोराचा काय ऱ्हायला त्याच्यात?"

मी विकीचं सांगितलं. इंजिन बंद पडलं की जा, धनेशला विचार, असं म्हणतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. पोरं त्यांच्यासमोर ते नाव घेत नाहीत, बाई रडेल म्हणून. मनालीलाही माहीत नव्हतं. इंदुबाईंनी विचारलं, "अजून इचारतात?" मी म्हटलं, हो, रविवारी विकीनेच मला सांगितलं. मग त्या रडल्या. मीही रडले, आता तुझ्यापासून काय लपवायचं? वर्तमानपत्र वाचायला बसलेल्या दोघांनी वर्तमानपत्रं आणखी वर धरली.

शेवटी नाव टाकलं, स्क्रीन फिरवली. मनालीने बोट ठेवून वाचलं. "धनेश गोपीनाथ, एकोणीसशे त्र्याऐंशी. या प्रतीवरील टिपा. प्रत तारोडी येथे, वापरात." पुस्तक विकीकडेच ठेवलंय, ही शेवटची ओळ माझी आहे. समितीने विचारलं तर मी बघून घेईन.

इंदुबाईंना वाचता येत नाही, पण त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग वर्षाच्या आकड्याला बोट लावून म्हणाल्या, "ह्याच्याम्होरं ही रेघ कसली?"

मी आधी बघितलीच नव्हती. तुझा प्रोग्राम जन्मवर्ष टाकून पुढे एक आडवी रेघ ओढतो आणि पुढची जागा मोकळी सोडतो. मी म्हटलं, पुढचं वर्ष कळलं की तिथे लिहितात. नाही कळलं तर रेघ तशीच राहते.

त्यांनी मला विचारलं, तशी ठेवली तर चालतं का, नियमात बसतं का? मी म्हटलं, बसतं. "मंग ऱ्हाव दे," म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. चहा सांगितला. मनाली पुढच्या वर्षीची तारीख मोबाइलमध्ये टाकत होती.

तेवढी ती रेघ पुसणारा कोणी नवा नियम आला, तर मला आधी कळव. आणि एप्रिलमध्ये घरी ये.

तुझी,
आत्या